अर्धा पाजवलेला फाळ

मी फाळ बोलतोय. ट्रॅक्टरच्या नांगराला पुढं बसतो, जमीन फाडतो, तो मी. रडगाणं ऐकायला बसला असाल तर उठा, मी रडणाऱ्यांतला नाही.

माझे मालक पंजाबराव. चांदूर बाजारजवळ त्यांचं वावर. वरून काळीभोर मऊ माती, पण वीतभर खाली चुनखडीचे खडे. त्या खड्यांनी दर उन्हाळ्यात माझी धार खाल्ली. नांगरटीआधी पंजाबराव मला देवमन लोहाराकडे पाजवायला न्यायचे. तो मला भट्टीत लाल करायचा, ठोकून धार काढायचा, पाण्यात बुडवायचा. धार यायची, पण दर खेपेला मी बारीक व्हायचो. शेवटी भंगारात फेकलं मला. माणसं वापरताना हात फिरवतात आणि फेकताना मागं वळूनही पाहत नाहीत. मला राग आला होता, अजूनही आहे.

मला उचललं आचलनं, पंजाबरावांच्या लेकीनं. ती अकोल्याच्या एका कारखान्यात कामाला. तिथं डाळमिलच्या झिजलेल्या भागांवर लेझरनं कठीण धातूचा लेप चढवतात. तिला तेच काम गावाकडं, शेतीच्या अवजारांसाठी करायचं होतं. फाट्यावर वडिलांची टिनाची शेड रिकामी होती. पण पंजाबराव ती एका औषधफवारणीवाल्याला भाड्यानं द्यायच्या बेतात होते.

"बाबा, शेड मले द्या," ती म्हणाली.

"हा फाळ एक उन्हाळा टिकवून दाखव. टिकला त शेड तुही. नाई टिकला त नाव काढू नोको."

अकोल्यात आधी माझी झिजलेली धार भरली. मग तो लेझर आला. भट्टी सगळं अंग भाजते, याचा चटका ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागी. तेवढीच जागा वितळायची, वरून धातूची बारीक पूड पडायची, आणि दोन्ही एकजीव होऊन लगेच थिजायचं. काय सांगू, बाप्पा! जन्मात पहिल्यांदा कोणी मला न ठोकता मजबूत केलं.

घरी पंजाबरावांनी मला उलटंपालटं करून पाहिलं. "मुलामा हाय हा. पितळेच्या दागिन्यावर सोन्याचा असते तसा. एका फेऱ्यात उडते."

मुलामा! हा शब्द मला भट्टीपेक्षा जास्त झोंबला. मुलामा वरवर बसतो. माझा लेप माझ्याच अंगात वितळून मुरला होता.

आचल कामावर परत गेली. नांगरट तोंडावर आली. आणि पंजाबरावांनी काय करावं? मला उचललं आणि थेट देवमनकडे! त्यांच्या मनात काही डाव नव्हता. हंगामाआधी फाळ पाजवायचा, एवढं त्यांच्या हातांना पाठ होतं. उपाशी बैल जुंपायचा नाही, तसा बिनपाजवलेला फाळ लावायचा नाही.

देवमननं अर्धी धार भट्टीत लाल केली आणि घण घातला. मी ऐकतोय थोडाच! घण उसळून परत यायला लागला. देवमन घामाघूम झाला. "पंजाबभाऊ, हे लोखंड लय हेकट हाय. राहू द्या आता."

पण तेवढ्यात ठोकलेल्या भागातल्या लेपाला बारीक तडे गेले होते. वावरात चुनखडी लागली आणि तिथला लेप कपच्या होऊन उडाला. थोडे दिवस कसेबसे काढले, मग पंजाबरावांनी लेकीला फोन लावला. "उडाला तुहा मुलामा. शेडीचं मी पायतो आता."

आचल दुसऱ्या दिवशी हजर. रडून आली होती, ते दिसतच होतं. तिनं मला धुतलं, धारेवरून अंगठा फिरवला आणि मधेच थांबली.

"बाबा, याले पाजवलं काहून?"

"पाजवल्याबिगर फाळ लावते का कोनी?"

तिनं देवमनला बोलावलं. "काका, कुठलोक पाजवला?"

देवमननं बोट ठेवलं. "इथलोक. पुढं त्यानं ठोकूच नाई देलं."

बरोबर तिथपर्यंतच मी झिजलो होतो. उरलेली अर्धी धार त्याच वावरात, त्याच खड्यांत फिरूनही आली तशीच होती. पंजाबराव उकिडवे बसले. खिशात शेडीची चाबी होती, फवारणीवाल्याला द्यायला काढलेली. त्या चाबीनंच त्यांनी माझा लेप करकरा खरडला. मी हललोसुद्धा नाही. चाबीचे दात मात्र बोथट झाले.

पंजाबरावांनी त्या दातांवरून अंगठा फिरवला. मग त्यांनी चाबी लेकीपुढं धरली. "घे. आता हिनं कुलूप उघडत नाई. तोडून टाक अन् तुहं नवं लाव."

सध्या शेडीची साफसफाई सुरू आहे. माझी गेलेली धार आचलनं अकोल्याहून पुन्हा भरून आणली. आता म्हणते, याला दारावर टांगू, गिऱ्हाइकांना दाखवायला. खबरदार! मला हारतुरे नकोत, खिळ्याला लटकून फुकटचा मानही नको. बांधाकडचा तुकडा अजून नांगरायचा राहिलाय, आणि सगळ्यात जास्त खडे तिथंच आहेत. बोल्ट आवळा आणि सोडा मला खाली.