सायकलवाल्याने वाचलेली पानं

मित्रांनो, मी एक जुना धर्मग्रंथ आहे. काळ्या बांधणीचा, कोपरे झिजलेला आणि उशीएवढा जाड. छापखान्यात माझी पानं छापली गेली, बांधणाऱ्याने ती दोऱ्याने शिवली, कडांना लाल रंग दिला, आणि एका लग्नात भेट म्हणून मी नवरीच्या हातात आलो. तिचा नवरा सायकली दुरुस्त करायचा. घराला लागूनच त्याचं दुकान होतं.

मालकिणीने मला फार जीव लावला. येशूच्या गोष्टींची आणि स्तोत्रांची पानं तिच्या बोटांनी मऊ झाली होती. देवाचा निरोप लोकांना सांगणाऱ्या संदेष्ट्यांची पानं मधे होती, त्यांच्या वाटेला मात्र ती कधी गेली नाही. "ते माझ्या डोक्यावरून जातं," असं ती लेकीला हसत सांगायची. त्या पानांच्या लाल कडा एकमेकींना चिकटूनच राहिल्या. खरं सांगतो, आपल्या पोटात काय दडलंय हे मलाही नीट ठाऊक नव्हतं.

मग मालकीण आजारी पडली आणि गेली. मी कपाटाच्या वरच्या फळीवर पोहोचलो. अंगावर धूळ बसली, कसर लागली. पण त्याहून वाईट म्हणजे बाप-लेकीचं बोलणं तुटलं.

"आई गेली आणि आठवड्याच्या आत तुम्ही दुकान उघडलंत," लेक एकदा म्हणाली. "डोळ्यांतून टिपूससुद्धा आलं नाही, बाबा. तुम्हाला काहीच वाटलं नाही का?"

तो उठून दुकानात गेला. लेक दुपारी जेवणाचा डबा आणून ठेवायची आणि न बोलता परत जायची.

एका सकाळी त्याने मला खाली काढलं, फडक्याने पुसलं आणि दुकानात नेलं. "तिने जे वाचायचं सोडलं, ते मी वाचतो," तो स्वतःशीच पुटपुटला. पातळ पात्याने त्याने माझी चिकटलेली पानं हलक्या हाताने सोडवली. ती निघाली यहेज्केल संदेष्ट्याची. परक्या देशात बंदिवान म्हणून नेलेला हा माणूस नदीकाठी उभा असताना त्याला वादळ दिसलं, वादळात आग दिसली, आणि आगीत चार जिवंत प्राणी. त्यांच्या शेजारी चाकात चाक. ती चाकं न वळता चारी दिशांना जात, आणि त्यांच्या धावांना, म्हणजे बाहेरच्या कडांना, सगळीकडे डोळे होते.

सायकलवाला वाचता वाचता थांबला. समोर टांगलेल्या रिमकडे बघत राहिला. "काय बघितलं असेल रे बाबा तू," तो म्हणाला. त्याने ते चाक खडूने फरशीवर काढून पाहिलं, पुसलं, पुन्हा काढलं. जमलं नाही, तेव्हा तो मनापासून हसला. कित्येक दिवसांनी मी त्याचं हसू ऐकलं. आपल्या पानांत एवढं तेज आहे, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं.

तो रोज वाचू लागला. एक दिवस मात्र त्याचं बोट एका ओळीवर अडलं. लेक डबा घेऊन आली तेव्हाही ते तिथेच होतं.

"हे जरा वाच," तो म्हणाला.

तिने उभ्यानेच वाचलं. संदेष्ट्याची बायको, त्याच्या डोळ्यांचं सुख, एका संध्याकाळी मरण पावली. रडायचं नाही, शोक दाखवायचा नाही, असं देवाने त्याला आधीच बजावलं होतं. सकाळी तो सांगितल्याप्रमाणे वागला. लोक विचारत राहिले, हा असा का वागतोय?

"त्याला देवाने अडवलं होतं," सायकलवाला हळूच म्हणाला. "मला कोणी अडवलं नव्हतं गं. मला रडू येतच नव्हतं. हात चालू राहिले तर मी उभा राहीन, एवढंच कळत होतं."

लेकीने डबा बाजूला ठेवला. मग स्टूल ओढून त्याच्याजवळ बसली. "पुढे काय झालं त्याचं?"

"अजून तिथवर गेलो नाही. तूच वाच."

ती वाचत गेली, त्या दिवशी आणि नंतरही. शेवटी ते सुक्या हाडांच्या खोऱ्याशी आले. संदेष्टा बोलला, तसा खडखडाट झाला. हाडाला हाड जुळलं, त्यावर मांस आणि कातडी चढली, पण श्वास नव्हता. मग चारी दिशांनी वारा आला आणि ते सगळे उठून उभे राहिले. तिने वर पाहिलं, तर बाबांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. त्यांनी ते पुसलं नाही. पंक्चर काढायला आलेलं गिऱ्हाईक दारातच थांबलं आणि टोपी काढून गुपचूप बाकावर बसलं.

मित्रांनो, आम्हा ग्रंथांना धुळीपासून जपा, कसरीपासून जपा. पण अवघड म्हणून आमची पानं मिटून ठेवू नका. ती कोणाच्या कामी येतील हे आम्हालाही माहीत नसतं. मला तर इतकंच कळतं की मालकिणीने न वाचलेल्या पानांवर त्या दुपारी तिच्यासाठीचं रडू पडलं, आणि शाई जराही फुटली नाही.