अर्धवट हाक

“पदकं लावून कानाच्या तपासणीला कोण जातं, बाबा?” गाडी चालवता चालवता लेकीने विचारलं.

“कानांनीच मिळवलीत ती.”

खोटं नव्हतं. बत्तीस वर्षं बाबा नौदलात बिनतारी यंत्रावर बसले. एक पदक दीर्घ सेवेचं, एक युद्धातलं, आणि तिसरं त्या वादळाचं. बुडणाऱ्या मालवाहू जहाजाची क्षीण हाक सबंध ताफ्यात एकट्या त्यांनी पकडली होती. देवाच्या दयेने बावीस जीव वाचले.

हल्ली मात्र लेकीचे फोन वाजून वाजून बंद पडत. उचलला, तर “ठीक ना?” एवढं विचारून ती ठेवायची. नाही उचलला, तर धावत घरी यायची. मग बाबा कशाला उचलतात! बायको गेल्यापासून घरात बोलणारा एक फ्रिजच उरला होता, तोही एका सुरात.

“कान गेले असतील तर सरळ माझ्याकडे राहायला या,” लेकीने बजावलं होतं. बाबांनी वरवर कुरकुर केली. आतून हरखले होते.

तपासणाऱ्या बाईंनी हेडफोन चढवून हातात बटण दिलं. “काका, आवाज आला की दाबायचं.”

टिट टिट टिट. मोर्स संकेतातले तीन ठिपके! बाबा ताठ झाले. आता तीन रेघा येणार, मग पुन्हा तीन ठिपके. संकटाची हाक ती. पुरी ऐकल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही, ही सवय हाडात मुरलेली. पण रेघा काही येईनात. पुन्हा तीन ठिपके, आणखी बारीक. बाबा डोळे मिटून वाट बघत राहिले. बटण तसंच राहिलं.

“दोन्ही कान गेल्यातच जमा,” बाई लेकीला म्हणाल्या.

“बघा! वरची खोली रिकामीच आहे. आजच सामान बांधू.”

आता फक्त गप्प बसायचं होतं. तेवढ्यात बाईंनी कागद पुढे केला. ‘एकही आवाज ऐकू आला नाही. सही.’

बाबांनी पेन टेकवलं, पण हात पुढे सरकेना. ऐकलेली हाक ‘आली नाही’ असं त्यांनी कधी लिहून दिलं नव्हतं.

“आली होती,” ते म्हणाले. “चौतीसदा. अर्धवट होती, म्हणून थांबलो.”

बाईंना हसू आवरेना. पुन्हा तपासणी झाली. “अहो काका, माझ्यापेक्षा तिखट कान आहेत तुमचे!”

“सुटले बाई!” लेक म्हणाली. “मग राहा मजेत आपल्या घरी. आणि फोन उचलायचा हं, आता सबब नाही.”

“उचलेन.”

तिसऱ्या मजल्यावर दारापर्यंत सोडून ती वळली. बाबा कडीवर हात ठेवून आतल्या बाजूला उभे राहिले. तिच्या चपला एकेक जिना उतरत गेल्या. मग फाटक. मग गाडीचं दार. कोपऱ्यावर वळताना तिने एकदा भोंगा वाजवला, आणि तोही त्यांना लख्ख ऐकू आला.