बुडत्या जहाजावरचा मेंढा

"ज्या राष्ट्राला समुद्र नाही, त्या राष्ट्राने आपल्या मुलांच्या मनात समुद्र उसळवला पाहिजे!"

आमच्या डोंगरातल्या कोक-जार गावच्या शाळेत वसंताच्या सणाला मी हे वाक्य उच्चारलं आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. मी मान लववून टाळ्या स्वीकारल्या. नंतर कळलं, त्याच क्षणी मागच्या दारातून गरमागरम बोरसोकांची, म्हणजे तळलेल्या कणकेच्या गोळ्यांची, परात आत आली होती.

पण वाक्य अगदीच वाया गेलं नाही. पहिल्या रांगेत बुर्माकान बसली होती. ती शाळेत भाषा शिकवते आणि दुसऱ्याचं बोलणं विसरत नाही, हा तिचा मोठा दोष. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाईला पाणी दाखवत होतो, तेवढ्यात ती फाटकाशी उभी.

"बायके," ती म्हणाली. आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला बायके म्हणतात, म्हणजे दादा. काम काढायचं नसेल तेव्हा ती मला नुसतं 'अहो' म्हणते. "बायके, काल तुम्ही म्हणालात, समुद्र उसळवा."

"म्हणालो खरा."

"मग उसळवा. मुलांसाठी समुद्रावरच्या साहसाच्या गोष्टी लिहा. पोरांकडे शब्दच उरले नाहीत हो. 'ते दे', 'ते घे', 'हे असं झालं' एवढ्यावर कारभार चाललाय. परवा वादळाचं वर्णन करा म्हटलं, तर एकाने लिहिलं, 'लई वारा सुटला. मग गेला.'"

"वर्णन वाईट नाही."

"बायके!"

"अगं, पण समुद्रच कशाला? डोंगराच्या गोष्टी लिहितो. लांडगे आहेत, दरडी आहेत."

"डोंगराचं त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं. चुका काढत बसतील. समुद्रावर चुका काढता येणार नाहीत."

"मलाही येणार नाहीत."

"म्हणून तर तुमच्याकडे आले," बुर्माकान म्हणाली आणि माझ्या गाईची बादली सरळ करून निघून गेली.

मी उभी हयात राजधानीतल्या विनोदी मासिकात मंत्र्यांवर लिहिण्यात घालवली. समुद्र पाहिला नव्हता, पण मंत्र्यांच्या डोक्यातही मी कधी गेलो नव्हतो. तेव्हा लिहायला बसलो. कप्तान एशिम नावाचा तरणाबांड दर्यावर्दी निर्माण केला, त्याला तीन शिडांचं जहाज दिलं आणि तुफानात लोटला. प्रत्येक गोष्टीत मूठभर नवे शब्द पेरायचे, असं आमचं ठरलं होतं. शीड, सुकाणू, डोलकाठी, नाळ, क्षितिज, बंड, दीपस्तंभ.

बुर्माकानने पहिली गोष्ट वाचली आणि पेन्सिल टेकवली. "बायके, कप्तान घोड्यावर का बसलाय?"

"मग जहाजाच्या या टोकापासून त्या टोकाला जाणार कसा?"

"चालत."

"कप्तान? चालत? खलाशी काय म्हणतील!"

शेवटी घोडा डोलकाठीला बांधून ठेवायचा, पण त्यावर बसायचं नाही, अशी तडजोड झाली. सोबत एक मेंढाही मी चढवला होता. त्याच्याकडे तिचं लक्ष गेलं नाही. मेंढ्याशिवाय प्रवासाला निघणारा माणूस तिनेही कधी पाहिला नव्हता.

गोष्टी वाचायची जागा म्हणजे शाळेतली कोपऱ्यातली खोली. त्या खोलीत शाळेतली एकमेव धड पेटणारी शेगडी होती. बाकीच्या वर्गांत मुलं टोप्या कानांवर ओढून बसायची आणि शिक्षक घाईघाईने फळा पुसून घरी जायचे. वाचनखोलीत मात्र मुलं टोप्या काढून बसायची आणि तास संपला तरी हलायची नाहीत.

थोड्याच दिवसांत गावाची भाषा बिघडली. शेजारची म्हातारी कळपातून पळालेल्या बकरीला "बंडखोर!" म्हणून शिव्या देऊ लागली. पोरं घरात शिरताना "बंदर दिसलं!" ओरडायची. एका घरी नवऱ्याने बायकोला विचारलं, जेवण झालं का, तर पोरगी आतून म्हणाली, "आबा, अजून क्षितिजावर धूरसुद्धा नाही."

आणि हे सगळं ऐन रंगात आलं असताना मुख्याध्यापक कुबातला ती शेगडी दिसली.

कुबात पूर्वी पैलवान होता. त्याला वाचनखोलीत कुस्तीच्या चटया टाकायच्या होत्या. "पुस्तकं गोठ्याशेजारच्या कोठीत ठेवू," तो म्हणाला. "पुस्तकांना थंडी वाजत नाही."

"मुलांना वाजते," बुर्माकान म्हणाली.

"म्हणून तर कुस्ती."

भांडण जिल्ह्यापर्यंत गेलं. जिल्ह्यातून निरोप आला की शिक्षणाधिकारी मेदेरबेक स्वतः येऊन मुलांची परीक्षा घेतील. मुलांना नवे शब्द खरोखर आले असतील तर खोली वाचनाची, नाहीतर कुस्तीची. आदल्या दिवशी बुर्माकान माझ्याकडे आली, पण बोलली काहीच नाही. माझा चहा पिऊन गेली. तेव्हा मला कळलं की ती घाबरली आहे, कारण एरवी ती माझ्या चहाला नावं ठेवल्याशिवाय राहत नाही.

मेदेरबेक जाडजूड, सोन्याचा दात असलेला गृहस्थ होता. मूळचा पश्चिमेकडच्या खोऱ्यातला. वर्गात शिरून त्याने कोट काढला, शेगडीकडे पाठ केली आणि विचारलं, "तुमच्यापैकी समुद्र कोणी पाहिलाय?"

कोणीच हात वर केला नाही. कुबात दारात उभा राहून नजरेने चटया मोजत होता.

"मग न पाहिलेल्या गोष्टीचे शब्द घेऊन करायचंय काय?"

मुलांमधून बेगिमाय उठली. तिला गप्प बसवण्याचे सगळे उपाय घरच्यांनी करून पाहिले आहेत. "आगाय," ती म्हणाली, म्हणजे गुरुजी, "तुम्ही तुमच्या सातव्या पूर्वजाला पाहिलंय?"

"काहीतरीच काय विचारतेस?"

"पण नाव तर पाठ असेल ना?"

आमच्याकडे सात पिढ्यांची नावं न येणाऱ्या माणसाला कोणी दारात उभं करत नाही. मेदेरबेक खुर्चीवर बसला. "बरं. शेवटची गोष्ट कुठे थांबलीय? ती पुढे न्या. नुसते अर्थ सांगू नका. शब्द वापरून दाखवा."

शेवटच्या गोष्टीत मी कप्तान एशिमला एका म्हाताऱ्या समुद्री चाच्याला कैद करायला लावलं होतं आणि मग जहाज खडकावर आपटलं होतं. पुढे काय करायचं, ते मला सुचत नव्हतं, म्हणून तिथेच थांबलो होतो.

बेगिमायने श्वास घेतला. "जहाजाची पुढची नाळ फुटली. तळात पाणी घुसू लागलं. शिडं फाटून लोंबत होती, सुकाणू निकामी झालं होतं. डोलकाठीवरच्या टेहळ्याने चारी बाजूंना पाहिलं, पण क्षितिजावर एकही गलबत नव्हतं."

मेदेरबेकची मान डोलू लागली. बुर्माकानच्या खांद्यांवरचं ओझं मला उतरताना दिसलं.

"तेव्हा कप्तान एशिमने मेंढा कापला," बेगिमाय म्हणाली.

"आत्ता?"

"कैदी म्हटला तरी पाहुणाच ना, आगाय. त्याला उपाशी बुडवायचं?"

"हं. पुढे?"

"मांस शिजेपर्यंत सगळे थांबले. मग कप्तानने मेंढ्याचं डोकं चाच्यापुढे ठेवलं."

"खोटं!" मागून एल्दोस ओरडला. "डोकं कप्तानचं! जहाज त्याचं!"

"चाचा म्हातारा आहे!"

"चाचा चोर आहे!"

"चोर असला म्हणून वय कमी होतं का?"

इथे परीक्षा संपली म्हणायला हरकत नाही. मेंढा कापला की कुठलं हाड कुणाच्या ताटात जायचं, हे वयाने आणि मानाने ठरतं. चुकीच्या हाडापायी मोडलेली सोयरीक मी डोळ्यांनी पाहिली आहे. वर्ग उभा राहिला. सुकाणू धरणाऱ्याला मांडीचं हाड, टेहळ्याला खांद्याचं, कारण तो सगळ्यांत उंच बसतो. बंड करून माफी मागितलेल्या खलाशाला फासळी, पण एकच. बुर्माकानने डोळे मिटून घेतले. कुबात दारात हसत होता.

"थांबा!" मेदेरबेकने टेबलावर हात आपटला. "जहाज बुडतंय आणि तुम्ही भांडताय काय? शरम वाटत नाही?"

मुलं पटापट खाली बसली.

"वडीलधाऱ्या पाहुण्याला डोकं देतात का कोणी? कमरेचं हाड द्यायचं! कमरेचं!"

आमच्या खोऱ्यात डोकं मोठं, त्यांच्या खोऱ्यात कमरेचं हाड. हे ठाऊक असतं तर कोणीतरी खोकलं असतं. आता उशीर झाला होता.

"आगाय, आमच्याकडे डोकंच देतात!"

"समुद्र तुमच्या खोऱ्यात येतो का?"

"तुमच्या तरी कुठे येतो?"

"खडू आण इकडे!" मेदेरबेकने फळ्यावर जहाज काढलं. पोटाशी फुगलेलं, मेंढीसारखं. "ही नाळ. ही डोलकाठी. आता मानाची जागा कुठली?"

"दारासमोरची!"

"जहाजाला दार असतं का, गाढवांनो?"

"तळाशी उतरायची झडप आहे की!"

"झडपेसमोर बसवला तर चाचा पहिला भिजेल!"

"मग ओहोटी लागू दे ना आधी!"

"ओहोटी लागली तर जहाज खडकावर कलंडेल आणि रस्सा सांडेल!" मेदेरबेक गरजला. त्याच्या कोटावर, मिशीवर, सोन्याच्या दातावर खडूची भुकटी बसली होती.

घंटा झाली. कोणी हललं नाही. कुबात पुढे झाला. "साहेब, जहाज केव्हाच बुडालं असेल."

"हाडं वाटून झाल्याशिवाय बुडणार नाही!"

दुपारी जेवण कुबातच्या घरी होतं. त्याने साहेबांसाठी खरा मेंढा कापला होता. सकाळचं सगळं ऐकूनही त्याने आपल्या पैलवानी स्वभावाला आणि आमच्या खोऱ्याला जागून मेंढ्याचं डोकं मोठ्या मानाने मेदेरबेकपुढे ठेवलं. कमरेचं हाड, गावातला सगळ्यांत वयस्क म्हणून, माझ्या ताटात आलं.

मेदेरबेक डोक्याकडे पाहत राहिला. डोकं त्याच्याकडे पाहत राहिलं.

कोणीतरी माझ्या बरगडीत कोपर मारलं. बुर्माकान होती. "बायके," ती पुटपुटली.

"आज मला कोणाचंच काम करायचं नाही," मी म्हटलं.

"बायके, खोली जाईल."

मी हाडाकडे पाहिलं. चांगलं चरबीदार होतं. साहित्यासाठी लोकांनी तुरुंग भोगले आहेत, हद्दपार झाले आहेत. मी ताट उचललं आणि मेदेरबेकपुढे सरकवलं. "साहेब, जहाजावर तुमचाच रिवाज चालू द्या."

मेदेरबेकचा चेहरा उजळला. डोकं मात्र त्याने परत केलं नाही. दोन्ही ताटं जवळ ओढली, सावकाश जेवला, हात पुसले आणि उभा राहिला.

"मंडळी," तो म्हणाला, "इतकी वर्षं शाळा तपासतोय. मुलं माझ्यापुढे घडाघडा पाठ म्हणतात, गप्प बसतात, रडतात. माझ्याशी भांडायला लागणारे शब्द मात्र कुठल्याच शाळेत नव्हते. खोली वाचनाचीच राहील. कुबात, चटया कोठीत टाक, चटयांना थंडी वाजत नाही. कोळसा मी पाठवतो. या मुलांच्या तोंडी आज मी एक आख्खा समुद्र ऐकला. भाषा अशीच तगते, मंडळी! पिढ्यान्पिढ्या, लाटेमागून लाट!"

बुर्माकान तोंड फिरवून चहा ओतू लागली. चहा पेल्याबाहेर चालला होता, पण कोणी तिला टोकलं नाही. कुबातनेसुद्धा टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, आता बोरसोक येतील.

मेदेरबेक खाली बसला आणि कुबातच्या बायकोकडे झुकून हळूच म्हणाला, "वहिनी, एखादी पिशवी मिळेल का? दोन असल्या तर बरं, डोकं वेगळं नेईन."