मला आता धुऊ नका

मी बायडाबाईची पांढरी साडी बोलतेय. पांढरी होते, असं म्हणा हवं तर. आता माझ्याकडं बघून कुणी मला पांढरी म्हणणार नाही आणि माझाही तसा हट्ट नाही. पण साडीचं काय ऐकायचं, असं तोंड करू नका. ज्यांना तोंड आहे ती माणसं दोन-दोन हापिसांत बोलून दमली, म्हणून मला बोलावं लागतंय.

माझा जन्म इचलकरंजीतला. यंत्रमागाच्या खडखडाटात विणली गेले. अंगावर ना जर ना बुट्टी, काठाला तेवढी एक निळी रेघ. कोल्हापुरातल्या दुकानदारानं मला गठ्ठ्यातनं ओढून बायडाबाईच्या पुढ्यात टाकलं, तेव्हा तिनं मला उजेडात धरलं, दोन बोटांत चोळून बघितलं आणि म्हणाली, "हिच्यातल्या दोन द्या. एक मला, एक माज्या भनीला."

ही बहीण म्हणजे धोंडुबाई. दोघींचं माहेर एकच, पण लग्न होऊन बायडाबाई पडली ओढ्याच्या अलीकडं, कागल तालुक्याच्या अगदी टोकाला, आणि धोंडुबाई पडली पलीकडं. ओढा काही मोठा नाही. उन्हाळ्यात पोरं उडी मारून जातात. पण अलीकडं महाराष्ट्र आणि पलीकडं कर्नाटक. तिकडं राहून धोंडुबाई बहिणीला अक्का म्हणायला लागली, एवढाच काय तो फरक. रविवारी ती ओढा ओलांडून यायची आणि दोघी एकाच गठ्ठ्यातल्या साड्या नेसून विहारात वंदनेला बसायच्या.

वंदनेला पांढरंच नेसायचं, ही आमच्याकडची रीत. आणि बायडाबाईचं पांढरं म्हणजे पांढरंच. मला ती कधी दुसऱ्या कपड्यांत भिजवायची नाही. वेगळी बादली, वेगळा साबण, शेवटी निळीचा हात. सून प्रीती चेष्टा करायची, "आत्या, साडीचं लगीन ठरलंय का काय?" बायडाबाई हसायची नाही. तिच्या आईला भर बाजारात लोकांनी घाण म्हणून लांब उभं केलेलं. त्याच आईनं धम्म घेतल्यावर पहिलं पांढरं लुगडं नेसलं आणि लेकींना बजावलं, "आता आपल्या अंगावर डाग दिसायचा न्हाय. कुनाला बोलाय जागा द्यायची न्हाय." आई गेली, पण ते बोलणं बायडाबाईच्या हातांत उतरलं होतं. मी त्या हातांखालनं इतक्या वेळा गेलेय की मला ते वेगळं कुणी सांगायला नको.

मग ओढ्यापलीकडं ती भट्टी आली. जुने टायर जाळायचे आणि त्यातनं तेल काढायचं, असला कारखाना. हिवाळ्यात आमच्याकडं वारं उगवतीकडनं येतं, म्हणजे तिकडनंच. वाऱ्यानं कुठं सातबारा बघितलाय? एका सकाळी मी दोरीवर वाळत होते आणि अंगावर काहीतरी येऊन बसलं. बायडाबाईनं झटकलं, तर काळी रेघ उठली. तिनं बोटाचा वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि मला परत बादलीत घातलं. दुसऱ्या सकाळी परत तेच.

डागांचं मी सोसलं असतं हो. पण दीप्ती होती ना घरात.

दीप्ती म्हणजे बायडाबाईच्या लेकाची, संघर्षची, आणि प्रीतीची मुलगी, बायडाबाईची नात. आजीच्या मांडीवर डोकं टाकून माझा पदर तोंडावर ओढायचा आणि झोपायचं, ही तिची सवय. त्यामुळं डॉक्टरच्या आधी मला कळलं. आधी नुसतं बारीक शिट्टीसारखं वाजायचं. मग श्वास आत घेताना ती माझा काठ मुठीत आवळायला लागली. पुढं पुढं तर झोपेतसुद्धा मूठ सुटायची नाही. कागलच्या डॉक्टरनं तोंडात मारायचा पंप दिला आणि सांगितलं, "हिला धुरापासून लांब ठेवा."

बायडाबाई म्हणाली, "डाक्टर, धूर आमच्या घरात येतोय. आमी धुराच्या घरात जात न्हाय."

संघर्ष कामावर खाडा टाकून प्रदूषणाच्या हापिसात गेला. इकडच्या साहेबांनी सांगितलं, कारखाना त्या राज्यात आहे, आमची हद्द ओढ्यापर्यंत. तिकडच्या साहेबांनी विचारलं, तुम्ही राहता कुठं? महाराष्ट्रात? मग तुमच्या हापिसाला सांगा. घरी येऊन त्यानं हेल्मेट खाली ठेवलं आणि म्हणाला, "आई, धूर येतोय तवा हद्द न्हाय. मी जातोय तवा मातूर हद्द हाय."

तेव्हा धोंडुबाई पुढं झाली. "मी त्या राज्यातली हाय न्हवं? मी देतो तक्रार." तिचा लेक बाळासो त्याच भट्टीवर कामाला होता. बायडाबाईनं तिला लाख समजावलं. पण ती म्हणाली, "अक्का, बाळासोला दुसरं काम गावंल. पोरीला दुसरी छाती कुठनं आनायची?" तिनं सही केली आणि बाळासोनं आईशी बोलणं टाकलं.

त्या सहीनं मात्र गाडं हललं. दोन्ही राज्यांचे साहेब एकत्र येऊन बघणार, असं ठरलं. संघर्षच्या ओळखीच्या अदिती मॅडम, कोल्हापुरात कॉलेजात शिकवणाऱ्या, त्या घरी आल्या. त्यांनी सांगितलं, "एक पांढरं स्वच्छ कापड दारात टांगा आणि साहेब येईपर्यंत धुऊ नका. त्यावर जी काजळी बसेल तिच्यासकट कापडाचा तुकडा मी दोघा साहेबांसमोर कापून घेते. टायरची आहे का आणखी कशाची, ते प्रयोगशाळेत निघेल. मग कुणाला नाही म्हणता येणार नाही."

प्रीतीनं जुनी चादर आणली. मॅडमना ती चालली नाही, तिच्यावर आधीचेच डाग होते. मग बायडाबाई आत गेली आणि ट्रंकेतनं मला घेऊन आली. "हिच्यावर डाग न्हाय," म्हणाली. एवढं बोलून ती चुलीकडं गेली.

अख्खा हिवाळा मी त्या दोरीवर होते. रोज सकाळी धूर ओढा ओलांडून यायचा आणि माझ्यावर बसायचा. आधी मी करडी झाले, मग चिकट, मग घड्यांमध्ये काळी. बायडाबाई येता-जाता मान फिरवायची. एकदा तिचा हात माझ्याकडं आला आणि तिनंच तो मागं घेतला. वंदनेला ती विटकं पातळ नेसून जायची आणि मागच्या रांगेत बसायची. आणि मी? मी घाण होत होते आणि जन्मात पहिल्यांदा मला त्याचा अभिमान वाटत होता. आत दीप्ती खोकायची, बाहेर मी तो धूर जपून ठेवत होते. म्हटलं, येऊ देत साहेब, त्यांच्या पुढ्यात उभीच राहते.

पण साहेब यायला तर हवेत. एकदा यांची गाडी नाही, एकदा त्यांची बैठक. करता करता होळी झाली आणि वारं फिरलं. आता ते मावळतीकडनं वाहायला लागलं. तरी मला घोर नव्हता. हिवाळा सगळा माझ्या अंगावर होता.

साहेब यायच्या दिवशी सकाळीच धोंडुबाई आली. माझ्याच गठ्ठ्यातली साडी नेसून, चापूनचोपून. हिवाळाभर ती रविवारी परस्पर विहारात यायची, त्यामुळं अंगणात आली आणि मला बघून थबकली.

"अक्का, हे काय गं?"

"साक्षीला ठेवलंय. धुयाचं न्हाय म्हनं."

धोंडुबाई जवळ सरकली. मग हळू आवाजात म्हणाली, "पावणं येनार. दोन राज्यांचं सायेब, गावचं लोक, फोटू काडनारं. आपल्या दारात हे असलं बगून काय म्हनतील? हे लोक असलंच, म्हनतील. आई काय सांगून गेलीया?"

बायडाबाई माझ्याकडं बघत राहिली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिनं मला नीट बघितलं. "नुसतं वरचं खंगाळू," ती म्हणाली. "हिवाळाभराचा डाग काय जातोय व्हय? आजवर कवा गेलाय?"

अहो, मी काय करणार होते? साडीच्या हातात काय असतं? दोघींनी मला उतरवलं, बादलीत बुडवलं. काळं पाणी अंगणातल्या पपईच्या बुडात गेलं. खरंच, तिला नुसतं खंगाळायचं होतं. पण एक डाग दिसला आणि तिनं साबण उचलला. मग त्याच्या शेजारचा दिसला. मग हात थांबेनात. एका टोकाला धोंडुबाई, एका टोकाला ती. दोघी आईच्या आठवणी काढत होत्या आणि मला चोळत होत्या. इतक्या मायेनं मला कधीच कुणी धुतलं नव्हतं. मी आतल्या आत ओरडत होते, की बाई, ती तुझ्या नातीची साक्ष आहे, ती पपईला घालू नकोस. शेवटी निळीचा हातसुद्धा दिला.

साहेब आले तेव्हा मी दोरीवर पांढरीशुभ्र वाळत होते.

दोन गाड्या उभ्या राहिल्या. भट्टी त्या दिवशी थंडच होती. इकडच्या साहेबांनी छाती भरून श्वास घेतला. "हवा तर चांगली आहे की इथली," म्हणाले. तिकडच्या साहेबांनी आमच्या बाजूच्या गुऱ्हाळाकडं बोट दाखवलं. "तुमच्या गुऱ्हाळात चिपाडाबरोबर रबर जाळतेत. आता हे वारं सगळं आमच्या गावात जातंय. ते कोण बघनार?" आणि ते खोटं नव्हतं. धोंडुबाईच्या साडीच्या निऱ्यांत मला बारीक काळे ठिपके दिसत होते, आणि ते आमच्या बाजूचे होते. दोघा साहेबांची एकमेकांच्या राज्याकडं बोटं दाखवून झाली, आणि मग दोघांचं अगदी छान जुळलं.

अदिती मॅडम कात्री घेऊन दोरीपाशी आल्या. त्यांनी मला बघितलं, मग आजूबाजूला बघितलं. "बायडाबाई, ती साडी कुठंय?"

"हीच की."

मॅडमनी माझा काठ बोटांत धरून बघितला. तेव्हा बायडाबाईच म्हणाली, "पावण्यांच्या म्होरं घाण कशी ठिवू, बाई? आमास्नी आदीच लोक..." मॅडमनी कात्री पिशवीत ठेवली. काजळीचं त्यांनी सगळं समजावून सांगितलं होतं. पण घाण कापड दारात टांगायला या बाईला काय पडतं, ते त्यांनी विचारलं नव्हतं. कुणीच विचारलं नव्हतं.

साहेबांनी लिहून घेतलं, धूर आढळला नाही. चहा घेतला, चांगला झालाय म्हणाले आणि गेले. संघर्ष पायरीवर बसून राहिला.

"आई, तुला एवढं सांगितल्यालं."

"व्हय," बायडाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे वारं पडलं. भट्टी पेटली होती. धूर ओढ्यावरनं जमिनीला घासत आला आणि घरात बसला. दीप्ती उठून बसली आणि तिला श्वासच घेता येईना. पंप मारला, परत मारला. बायडाबाईनं माझा पदर भिजवून तिच्या नाकावर धरला. संघर्षनं गाडी काढली, आधी कागल, तिथनं कोल्हापूर. सगळी वाट पोरगी माझा काठ धरून होती. दवाखान्याच्या दारात तिची मूठ सैल पडली. बायडाबाईनं तिला हाक मारली, परत मारली. मी त्या पोरीच्या छातीवर होते आणि माझ्याखाली काही हलत नव्हतं. मग डॉक्टरांनी मला बाजूला केलं.

पोरगी वाचली. पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, त्या हवेत परत नेऊ नका. प्रीती तिला घेऊन चंदगडला माहेरी गेली. तिथं डोंगर आहे, पाऊस आहे, मुलगी पळते, खेळते म्हणे. संध्याकाळी तिचा फोन येतो. "आजी, धूर गेला का गं? मी येऊ का?"

"येशील की," बायडाबाई म्हणते. फोन ठेवला की माझा पदर तोंडात कोंबते, संघर्षला ऐकू जाऊ नये म्हणून.

आता परत हिवाळा आलाय. या खेपेला तिनं मला नुसतं टांगलं नाही. दिवसभर दोरीवर ठेवते आणि वंदनेला तशीच काळी नेसते. गेल्या रविवारी ती विहारात पहिल्या रांगेत बसली. शेजारी धोंडुबाई, तिचीही साडी न धुतलेली. सगळी पांढरी माणसं आणि मध्ये आम्ही दोघी. मागं कुणीतरी चटई ओढून जरा लांब सरकलं. बायडाबाईला ते कळलं. पण ती उठली नाही.

उद्या दोघी आम्हाला अशाच काळ्या नेसून निघाल्यात. बायडाबाई तिकडच्या राज्याच्या हापिसात आणि धोंडुबाई इकडच्या, जिच्या घरात जिकडचा धूर येतो तिकडं. कोण कुठली, कुणाचा धूर, ते साहेबांनी बसून ठरवावं. त्या टेबलापुढनं हलणार नाहीत म्हणाल्यात. हलवतीलही कुणी, मला काही भरवसा वाटत नाही. माझं सूत विरलंय, काठ फाटलाय, आणखी एक हिवाळा मी काढेन असं वाटत नाही.

माझं मागणं एवढंच आहे. ती बाई हापिसाच्या दारात दिसली तर तिला लांब उभी करू नका. आणि तिथं इतकी माणसं बघून तिचे हात परत साबण शोधायला लागले, तर कुणीतरी ते धरा. दीप्ती घरी येईपर्यंत मला धुऊ नका.