रुख्माची बांधी

गोंदियात धानाच्या गिरण्या वाढल्या आणि कोसभरावरचं हे गाव फुगत गेलं. छत्तीसगडची माणसं आगगाडीतून उतरत, गिरणीत पोती उचलत आणि राहायला इकडे येत. गावचे मालक, मालगुजार केशोरावांनी त्यांना आखरावर, गावाची गुरं सकाळी जमायची त्या जागेवर, झोपड्या घालू दिल्या आणि भाडं लावलं. आखर गावाचा, भाडं यांचं. विचारायची छाती कोणाची? बिडीच्या ठेकेदारालाही त्यांनीच आपल्या ओसरीवर बसवलं. गावच्या अर्ध्या बाया चिखल सोडून तेंदूची पानं कातरू लागल्या.

सगळं बदललं, एक रीत मात्र मालगुजारांनी बदलू दिली नाही. आधी मालकाचा रोवणा, म्हणजे धानाची लावणी, मग रयतेचा. बाया उरल्या थोड्या, त्यामुळे त्या साली मालकाचा रोवणा संपता संपेना आणि इकडे रुख्माचे परे, लावणीची रोपं, वाफ्यातच पिवळे पडू लागले.

रुख्माची एकच बांधी, बांध घातलेलं धानाचं शेत. तिच्यावर घराचं वर्षभराचं पोट. ती रोज सकाळी एक रोप उपटून बुडाशी चिमटून बघायची. रोपानं कांडं धरलं की ते लावा नाहीतर फेका, फुटवे येत नाहीत. त्या दिवशी बोटाखाली बारीक गाठ लागली.

नवरा बकाराम गिरणीला निघाला होता. मालकाच्या शब्दानं लागलेला हमाल, त्यांच्याशी बिघडवायला तयार नव्हता.

"थांब ना जरा. मालकाचा होऊन राहिला."

"मी थांबीन. परे थांबतीन का?"

तो गेल्यावर ती तडक आखरावर गेली. झोपड्या उभ्या राहिल्यापासून ती वाटेवरूनच पुढे जायची, आत पाय ठेवत नव्हती. या लोकांना ती टोळधाड म्हणायची, तेही त्यांना ऐकू जाईल असं. रामकली नावाची बाई दारात पोरीची वेणी घालत होती. रुख्मानं उभ्या उभ्या सांगितलं, रोवणा आहे, कापणीला धान देईन.

"थूक के जात रहेस," रामकली वेणी न सोडता म्हणाली. "आज सुरता आइस?"

थुंकून जायचीस, आज आठवण आली? रुख्माला सगळं समजलं आणि तिनं मान खाली घातली नाही. गरज होती, म्हणून आली होती. रामकलीला ते पटलं असावं. गिरणीतला कोंडा उपसून कंटाळलेय, गाव सोडल्यापासून चिखलात पाय घातला नाही, असं काहीतरी ती बोलली आणि आणखी चौघींना हाका मारल्या.

बांधीत त्यांचे हात बघून रुख्मा चाट पडली. मागे मागे सरकत त्या रोपं अशी खोवत होत्या की पाणीसुद्धा फार हलत नव्हतं. अर्धी बांधी हिरवी झाली तेव्हा कोतवाल बिसराम बांधावर येऊन, मालकाचा रोवणा बाकी आहे, असं ओरडून गेला, आणि थोड्याच वेळात केशोरावांची दमणी, बैलांची हलकी गाडी, आली.

मालक खाली उतरले नाहीत. रुख्माकडे त्यांनी पाहिलंही नाही. आखरावरच्या बायांना म्हणाले, आत्ता बाहेर निघा, नाहीतर सांजेपर्यंत झोपड्या मोडतो.

दोघी निघाल्या. घरी लेकरं होती. त्यांना कोण बोल लावणार? उरलेल्याही गेल्या तर ही अर्धी बांधी आणि ते कांडं धरलेले परे तसेच राहणार होते.

रामकली कमरेवर हात ठेवून सरळ झाली.

"निकाल दे मालिक. टेसन म सुत जाबो. फेर तोर रोपा ला कोन लगाही?"

हाकला, टेसनवर झोपू, मग तुमची रोपं कोण लावेल? मालकाला याचं मराठी कोणी करून सांगायला नको होतं. त्यांच्या परसातल्या वाफ्यांतही परे पिवळे पडत होते, रुख्मापेक्षा दसपट. गावच्या बाया त्यांनीच बिडीवर बसवल्या होत्या, आणि मोकळे हात होते ते आखरावरच्या याच बायांचे. त्यांचा चेहरा काळाठिक्कर पडला. त्यांनी बैल वळवायला सांगितले. बिसराम मात्र दमणीमागून न जाता आखराच्या वाटेला लागला, झपाझपा.

ते सगळ्यांनीच पाहिलं. तो नुसता धाक दाखवायला गेला की छप्पर ओढायला, इथून कळणार नव्हतं. रामकलीची पोर तिथंच होती.

"तू जा," रुख्मा म्हणाली. "पोरीले घेऊन माह्या घरी नेऊन बसव. कोणी अडवलं तं माह्यं नाव सांग."

रामकली चिखल झाडत धावली. उरलेल्या दोघी वाकल्या. रुख्माही वाकली, पण घाईत रोपं दाट पडू लागली. मुठीतली पेंढी संपली तरी तिनं वर पाहिलं नाही. डावा हात मागच्या बाईपुढे केला.

"परे दे," ती म्हणाली. "दे लवकर."