माझी मुकी सवत

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे. आणि दुसऱ्या कोणी सांगण्याआधी मीच सांगून टाकते, मी स्वभावाने मत्सरी आहे. आमच्या खोलीत कोणी दुसऱ्या वस्तूचे कौतुक केले की माझ्या पोटात दुखू लागते. आता वय झाले, तरी ही खोड गेली नाही.

माझे अंग ओतीव लोखंडाचे. कारखान्यातून मी थेट एका शिंप्याच्या दुकानात आले. त्यांना सगळे मास्तर म्हणत. मास्तरांनी माझ्यावर तीस वर्षे गणवेश, कोट आणि गाद्यांच्या खोळी शिवल्या. जाड कापडाचे चार थर मी एका दमात ओलांडत असे. खोट एकच होती. दुकान हलवताना हमालांनी मला पाडले, आणि तेव्हापासून मी चालताना खडखड करू लागले. गिऱ्हाइके म्हणत, "मास्तर, ही मशीन आहे की पिठाची गिरणी?" मास्तर हसत. "भुंकते हो, पण चावत नाही," म्हणत.

मास्तर थकले तेव्हा त्यांच्या मुलीने मला नेले. तिला सगळ्या जणी ताई म्हणतात. ताईने बाजारामागच्या गल्लीत दोन खोल्या घेतल्या, बाहेर 'शिवणवर्ग, फक्त महिलांसाठी' अशी पाटी लावली आणि मला पुढच्या खोलीत खिडकीशी ठेवले. मागच्या खोलीच्या दाराला नुसता पडदा होता.

असा शिवणवर्ग मी जन्मात पाहिला नव्हता. बाया येत, पिशवीतून कापड काढत, माझ्यावर चार टाके घालत. ताईने मानेने खूण केली की एकेक जण उठून पडद्याआड जाई. तासाभराने बाहेर येई ती रडून डोळे लाल करून. एक बाई चार महिने आली आणि तिच्या हातून उशीचा एक अभ्रासुद्धा पुरा झाला नाही. मला वाटे, आत माझ्याहून चांगली मशीन लपवून ठेवली आहे. माझा नुसता जळफळाट होई. मग मी मुद्दाम दोरा तोडत असे.

एकदा वाऱ्याने पडदा उडाला आणि मला आतले दिसले. मशीन कसली! दोन खुर्च्या आणि पाण्याचा जग. मी थांबलेली असले की आतला एखादा शब्द कानी येई, त्यावरून हळूहळू उलगडा झाला. घरात मार खाणाऱ्या बाया तिथे बसून ताईला आपले दुखणे सांगत. ताई त्यांना उपदेश करत नसे. "तुला काय हवंय?" एवढेच आधी विचारी. मग वकीलबाई, डॉक्टर, राहायला जागा, जे लागेल ते जुळवून देई. तशी पाटी बाहेर लावली असती तर एकीलाही घराबाहेर पडता आले नसते. शिवण शिकायला जाते म्हटले की कोणी अडवत नाही. म्हणजे मी नुसते निमित्त होते! हे कळल्यावर मी आणखीच जळले. माणसे त्या साध्या खुर्चीवर मन मोकळे करत होती आणि माझ्याकडे पाठ फिरवत होती.

त्यात माझी सवत आली. कुणीतरी ताईला मोटारीवर चालणारी नवी मशीन भेट दिली. पांढरीशुभ्र, नाजूक, पोटात दिवा असलेली. "अगं बाई, हिला आवाजच नाही!" ज्या त्या बाईच्या तोंडी हेच. नव्याचे नऊ दिवस म्हणून मी वाट पाहिली. नऊ महिने गेले. माझा पट्टा उतरवला, सुईतला दोरा काढून घेतला, अंगावर जुनी चादर टाकली आणि वर दोऱ्यांची खोकी रचली. तिचा दिवा मला चादरीतून दिसे. तो दिवा विझावा म्हणून मी काय काय नवस बोलले, ते तुम्हांला सांगण्यासारखे नाही.

त्याच दिवसांत चष्मेवाली येऊ लागली. तिच्या चष्म्याची एक काडी तुटलेली होती आणि निळ्या दोऱ्याने बांधलेली होती. तीन वेळा आली, पण तोंडातून शब्द फुटला नाही. चौथ्या वेळी सासूच सोबत आली. "बघू तरी, काय शिकवता ते," म्हणत तिने खुर्ची ओढली आणि पडद्यापासून दोन हातांवर ठाण मांडले. ताई शांतपणे चष्मेवालीला म्हणाली, "आत चल, माप घेऊ."

सवतीवर तेव्हा काजवाली बसली होती. ती आमच्याकडे काज-बटणे करते. सात वर्षांपूर्वी तीही पडद्याआड रडून गेलेली. सवत आपली मुकाट चालली होती. खोलीत सुई पडली तरी ऐकू आली असती. तेवढ्यात आतून चष्मेवालीचा आवाज आला, "ताई, परवा ते मला आणि मुलीला दुसऱ्या गावी हलवणार आहेत..."

सासूने मान वळवली.

ताई तरातरा बाहेर आली. तिने माझ्यावरची चादर ओढली, तशी खोकी धडाधड खाली पडली. तिने पट्टा चढवला आणि काजवालीला म्हणाली, "इथे बस. थांबू नकोस."

मित्रांनो, माझ्या सुईत दोरा नव्हता. सुईखाली कापड नव्हते. सवतीसमोर मला अशी रिकामी पळवायची! मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. रागाने मी उभ्या जन्मात केली नसेल एवढी खडखड केली.

सासू ओरडली, "अहो, कापड नाही, दोरा नाही, शिवताय काय?"

"आधी पाय बसावा लागतो, आई!" काजवाली तितक्याच मोठ्याने म्हणाली. "नव्या मुलींना आठ दिवस असंच रिकामं चालवायला लावतो आम्ही!"

"कान किटले माझे!" म्हणत सासू उठली आणि बाहेर पायरीवर जाऊन बसली.

आत अर्धा तास बोलणे चालले. काजवालीच्या पोटरीत गोळा आला, पण तिने पाय थांबवला नाही. आत काय ठरले, चष्मेवालीला कोणता पत्ता पाठ करायला लावला, ते मला आजही ठाऊक नाही. माझ्याच आवाजात मला एक अक्षर ऐकू आले नाही. तेव्हा कुठे माझ्या लोखंडी डोक्यात प्रकाश पडला. इतकी वर्षे बाया माझ्याकडे पाठ फिरवत नव्हत्या. त्या माझ्या आवाजाच्या आडोशाला बसत होत्या.

दुसऱ्या दिवशी चष्मेवाली मुलीला शाळेत सोडायला म्हणून निघाली, ती त्या घरी परतली नाही. सासू वर्गात येऊन भांडली. "टाळी एका हाताने वाजत नाही!" म्हणाली. ताई म्हणाली, "कानाखाली मात्र एकाच हाताने वाजते, आई."

आता चष्मेवाली ताईबरोबर वर्ग चालवते. चष्मा नवा आहे. शिवायला मात्र ती सवतीवरच बसते, आणि माझ्या अंगाची लाही लाही होते. पण नवी बाई पडद्याआड गेली की ती सवतीचा दिवा बंद करते, माझ्यापाशी येते, सुईतला दोरा काढते आणि पायडलवर पाय ठेवते.

परवा दुरुस्तीवाला आला होता. माझे पोट उघडून म्हणाला, "एक दांडा सैल आहे. दहा मिनिटांत आवाज घालवतो."

"तेल घाला, पट्टा बदला," चष्मेवाली म्हणाली. "आवाजाला हात लावायचा नाही."

सवत मुकाट ऐकत होती. तिला दुसरे येते काय?

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे कोणी जुने असेल तर त्याला अडगळीत टाकू नका, वेळच्या वेळी तेल घाला. आणि पडद्याआड कोणी हळू आवाजात काही सांगत असेल, तर कान लावू नका. थोडे दूर जाऊन बसा, आणि तिचे सांगून होईपर्यंत जमेल तेवढी खडखड करा.