मिरीच्या सुपाचा दुखवटा

मिनेसोटातल्या त्या तळ्याकाठच्या गावात कशालाही वाईट म्हणायची पद्धत नाही. छप्पर गळत असलं तरी 'घर कसं हवेशीर आहे' म्हणतील. अशा गावात आर्लिस टॉर्गरसनने शाळेच्या स्वयंपाकघरातली नोकरी सोडून सुपाचं दुकान काढलं आणि वर्षभर तिला एकच शेरा मिळाला, "वेगळंच आहे हं!"

शेरा देऊन मंडळी जात, ती पुन्हा फिरकत नसत. सूप वाईट की गाव आळशी, हेच आर्लिसला कळेना. तेवढं कळलं असतं तर दुकान चालवायचं की गुंडाळायचं हे तिने केव्हाच ठरवलं असतं. जन्मभर दुसऱ्यांनी सांगितलेलं शिजवल्यावर इथे ती पहिल्यांदा स्वतःच्या मनाचं शिजवत होती, म्हणून जीव अडकला होता. नवऱ्याला विचारावं तर ड्वेन म्हणे, "मला काय, मी सगळंच खातो." असल्या नवऱ्यापेक्षा कुत्रं बरं, आवडलं नाही तर निदान तोंड तरी फिरवतं.

शेवटी चिडून तिने दारावर पाटी लावली : 'शुक्रवारपासून दुकान कायमचं बंद.'

शुक्रवारी दुपारी सगळं गाव आत लोटलं. प्रत्येकाच्या हातात भाजलेल्या खिमा-बटाट्याचा ट्रे. त्या गावात कोणी गेलं की त्या घरी हाच ट्रे पोचवतात आणि भांडं परत मिळावं म्हणून बुडाला नावाची पट्टी चिकटवतात. दुकान गेलं म्हणजे मयतच की! वर्षभर ओस पडलेली टेबलं भरली. एकमेकांचे ट्रे चाखत, आर्लिसची कॉफी पीत लोक हळू आवाजात बोलू लागले.

"फार सोसलं गं त्याने," शेजारची मर्ना डोळे टिपत म्हणाली. "सुटलं बिचारं."

"शेवटी शेवटी तर बघवत नव्हतं," पोस्टमन लॉयल म्हणाला.

आर्लिसच्या अंगाचा तिळपापड झाला, पण चेहरा तिने गरीब ठेवला. "कशाने गेलं असेल गं, मर्ना?"

मर्नाने इकडेतिकडे पाहिलं. "आता गेलंच आहे म्हणून सांगते. मिरी! घशाला नुसता जाळ व्हायचा."

"आणि घट्ट किती! चमचा उभा राहायचा," लॉयलला कंठ फुटला.

"मी घरी जाऊन दूध प्यायचो," कोपऱ्यातून ड्वेन पुटपुटला.

"मेल्यांनो, हे आधी सांगायला काय धाड भरली होती?"

"तुला वाईट वाटलं असतं!" सगळे एका सुरात म्हणाले.

आर्लिसला रडू आलं आणि हसूही. वर्षभर ती झुरली ती मिरीच्या डबीपायी! ती उठली आणि दारावरची पाटी काढून आणली.

"सोमवारी या भांडी न्यायला. रिकामी देणार नाही, आणि घरपोच तर मुळीच नाही."

सोमवारी झाडून सगळे आले. त्या गावातला माणूस एकवेळ बायकोला बाजारात विसरेल, पण ट्रे विसरणार नाही. आर्लिसने नवं सूप वाढलं. मर्नाने पहिला चमचा गिळला आणि गोड हसली.

"वेगळंच आहे हं!"

सगळ्यांचे हात थांबले. आर्लिसने गल्ल्याखाली ठेवलेली पाटी काढली आणि सरळ दाराकडे निघाली.

"मीठ!" मर्ना खुर्चीतून अर्धी उठत ओरडली. "मीठ कमी आहे गं बाई!"